पैकीच्या पैकी चूक

आमचे स्वयंपाकघर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचा प्रकाश त्यात कधीच थेट येत नाही. सूर्य घराच्या पाठीमागे उगवतो, गल्लीपलीकडच्या तीन मजली इमारतीच्या भिंतीवर पडतो, आणि त्या भिंतीचे पुरेसे झाले की उरलेला आमच्याकडे परततो. भिंत एके काळी लिंबाच्या रंगाची होती. नागपूरच्या पंधरावीस उन्हाळ्यांनी तिला खरवडून साबुदाण्याच्या पापडासारखी करून टाकली आहे. म्हणून आमच्या वाट्याचा प्रकाशही किंचित जुना असतो, कुणीतरी वापरून दिलेल्या सदऱ्यासारखा मऊ. तो प्रथम नळाच्या वाकणावर उतरतो आणि तिथे लोंबत्या थेंबाबरोबर काही वेळ थांबतो. मग फळीवरच्या स्टीलच्या पेल्यांच्या कडांवरून एकेक करीत सरकतो. ओट्यावर संत्र्याची साल पडलेली असली तर तिच्यावरचे तेलाचे बारीक ठिपके उजळतात, आणि क्षणभर वाटते की घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू तीच आहे. फरशीवर तो पसरतो तेव्हा धूळसुद्धा नीट मांडून ठेवल्यासारखी दिसते. साडेसातच्या सुमारास तो ताईच्या हातांपर्यंत पोचतो. ती कणीक मळत असते. प्रकाश तिच्या मनगटांवरून, बोटांच्या सांध्यांवरून जातो आणि पुढे निघून जातो. तिच्या नखांवरचा आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागातला पिवळेपणा मात्र तिथेच राहतो. तो प्रकाशाचा नसतो.

ताईला जन्मापासून सिकलसेल आहे. निरोगी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात; तिच्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांच्या आतून अशा कळा येतात की माणूस ओरडायचेही विसरतो. लहानपणी मी तिच्या खाटेपाशी बसून पाढे म्हणत असे. ती सांगायची, "थांबू नको बे, एकोणतीसचा म्हण." एकोणतीसचा पाढा लांब असतो.

गेल्या चार वर्षांत तिला एकदाही कळ आली नव्हती. गर्भात असताना प्रत्येकाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते; जन्मानंतर शरीर त्याची जनुके मिटून ठेवते. परदेशातल्या एका कंपनीने ती पुन्हा उघडणारे औषध शोधले. त्या औषधाची किंमत ऐकून आमच्या वस्तीतले लोक हसले होते. मग बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याने तेच औषध स्वस्तात बनवले, आणि विदर्भातल्या हजारो घरांत 'बुटीबोरीची कॅप्सूल' हा शब्द मिठासारखा रुळला. ताई सिकलसेल रुग्ण मंचाची सचिव होती. एकशे बेचाळीस रुग्णांची नावे तिला पाठ होती, आणि प्रत्येकाचे दुखणारे हाडही.

मी सुगत गजभिये, फ्रेंच भाषेचा दुभाषा. दोन हजार एक्केचाळीस सालच्या त्या हिवाळ्यात मी नागपूरच्या वाटाघाटीगृहात नोकरीला होतो.

हे गृह शहराबाहेर, विमानतळाजवळच्या मिहानच्या माळावर उभे होते, आणि त्याच्या बांधकामात शासनाची विनोदबुद्धी पुरेपूर उतरली होती. चारी भिंती काचेच्या. प्रवेशद्वारावर 'पारदर्शिता हेच आमचे ब्रीद' असे सोनेरी अक्षरांत कोरलेले. सकाळी दहा वाजता एक अधिकारी कळ दाबत असे, काचेतून विद्युतप्रवाह जाई आणि सगळ्या भिंती दुधासारख्या पांढऱ्या होत. सायंकाळी सहाला त्या पुन्हा स्वच्छ होत आणि आतल्या रिकाम्या खुर्च्या जनतेला पाहता येत. शाळांच्या सहली येत.

आत आमच्या देशाची आणि नऊ देशांच्या एका गटाची व्यापारकराराची बोलणी चालली होती. कशाची, हे लोकांना ठाऊक नव्हते. त्याआधीच्या तीन करारांचे मसुदे फुटले होते, लोक रस्त्यावर आले होते, आणि त्या अनुभवातून शासन योग्य तो धडा शिकले होते: मसुदा वाईट असल्यास मसुदा सुधारणे खर्चिक असते, माणसे सुधारणे स्वस्त पडते. त्यातून 'स्मृतिसंवर' हा गोळीचा उपाय आला. कार्यालयीन कागदांत त्याचे नाव तेवढे भारदस्त होते. आम्ही कर्मचारी त्याला 'बोळा' म्हणत असू, पाटी पुसायचा असतो तो.

त्यामागचे विज्ञान साधे आहे. आपण काही ऐकतो तेव्हा मेंदूतल्या पेशींमधले दुवे तात्पुरते बळकट होतात. ओल्या मातीवर उमटलेल्या पावलासारखे. ते पाऊल टिकवायचे तर पुढच्या काही तासांत मेंदूला नवी प्रथिने तयार करून माती भाजावी लागते. स्मृतिसंवर ही भट्टी आठ तास बंद ठेवतो. माणूस दालनात शुद्धीवर असतो, हुशार असतो, विनोद करतो, सकाळचे संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवतो. झोपून उठल्यावर मात्र कालची माती सपाट असते. दुसऱ्या दिवशी तो दालनात ठेवलेली वही वाचून पुन्हा कामाला लागतो. वही दालनाबाहेर येत नाही. माणूस येतो, आणि त्याच्याकडे काही नसते.

बोळा सर्वांसाठी नव्हता. सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची सचोटी पदसिद्ध असल्यामुळे त्यांनी केवळ शपथ घ्यायची होती. उद्योगांचे सल्लागार मागच्या रांगेत बसत. त्यांना शपथही नव्हती, कारण ते पाहुणे होते. विसरण्याचे कर्तव्य दुभाषे, लघुलेखक, तंत्रज्ञ आणि चहा देणारे यांच्याकडे होते. लोकशाहीत त्यागाची सुरुवात नेहमी खालूनच होते.

आमच्यावर देवरुखकर नावाचे पारदर्शिता अधिकारी होते. गोरे, प्रसन्न, सदैव नुकतेच न्हाऊन आल्यासारखे. पहिल्या दिवशी ते आम्हाला म्हणाले, "मंडळी, गुपित सांभाळणं हे ओझं असतं. शासन तुमचं ओझं काढून घेतंय. ज्याला आठवतच नाही, त्याच्यापासून काय लपवायचं? म्हणजे बघा, खरी पारदर्शिता हीच."

एका लघुलेखिकेने विचारले, "साहेब, तुम्ही घेता का गोळी?"

"माझी फार इच्छा होती," देवरुखकर म्हणाले, "पण माझी श्रेणी बसत नाही."

मी त्यांचा मनापासून तिरस्कार केला, आणि कागदी पेल्यातली गोळी पाण्याबरोबर घेतली. परिचारिकेने जीभ उचलून पाहिली.

खरे सांगायचे तर त्या गोळीने मला एक सुख दिले. मी जन्माचा संकोची. चारचौघांत बोलायची वेळ आली की घशात दोरा अडकतो. म्हणूनच मी दुसऱ्यांची वाक्ये बोलण्याचा व्यवसाय पत्करला. आता माझ्या न बोलण्याला प्रथमच शासकीय मान्यता मिळाली होती. कुणी विचारले, आत काय चालते, तर मी शांतपणे म्हणू शकत होतो, मला सांगता येत नाही. त्या वाक्याला कायद्याचा आणि रसायनशास्त्राचा दुहेरी आधार होता.

जानेवारीत ताईच्या कानावर अफवा आली.

"बुटीबोरीवाले घाबरून राहिले," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "करारात आपल्या कॅप्सूलचं काही तरी आहे म्हणते. मूळ कंपनीनं चाचण्या केल्या ना, त्या चाचण्यांची माहिती बारा वर्षं दुसऱ्यानं वापरायचीच नाही असं. मग आपला कारखाना परवाना कशावर मागन? पुन्हा माणसांवर चाचण्या करन काय?"

"अफवा असेल."

"म्हणून तर विचारून राहिली. आहे का नाही, एवढंच सांग."

"ताई, मला सांगता येत नाही."

"येत नाही का सांगत नाही?"

"आता दोन्हीत फरक उरलेला नाही," मी म्हणालो. मला ते वाक्य सुबक वाटले होते.

ताईने लाटणे बाजूला ठेवले. "सरकारी नोकरी लागली तं कशी भाषा फुटली पोराले," ती भिंतीला म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. मंचाचे वकील बारसागडे होते. ती कॅप्सूलविषयी, बारा वर्षांविषयी बोलू लागली. मी वर्तमानपत्र समोर ओढले. तिचे बोलणे संपले तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"हे काय काढलं?"

वर्तमानपत्राच्या समासात माझ्या पेन्सिलीने एक चिन्ह काढले होते. दुभाषा भराभर टिपणे घेतो, तेव्हा शब्द लिहीत नाही. वारंवार येणाऱ्या गोष्टींसाठी त्याची स्वतःची चिन्हे तयार होतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या विषयाला चिन्ह मिळत नाही. चिन्ह मिळते ते रोज, तासन्‌तास चघळल्या जाणाऱ्या विषयाला. समासात एक विळा होता आणि विळ्यावर कुलूप.

"विळा तं समजला," ताई म्हणाली. "कुलूप काहून?"

मी तिला समजावून सांगितले. मेंदूत स्मृतींची दोन कोठारे असतात. घटना एका कोठारात जातात, सवयी दुसऱ्यात. सायकल कुठे शिकलो हे विसरलेला माणूस सायकल चालवू शकतो. स्मृतिसंवर पहिल्या कोठाराला टाळे लावतो, दुसऱ्याला नाही. म्हणजे कदाचित माझ्या हाताला काही सवय लागली असेल, पण तिचा अर्थ मला ठाऊक नाही. यातला प्रत्येक शब्द शास्त्रशुद्ध होता.

तिने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे हाताले माहीत आहे आन्‌ तुले नाही."

"असे होऊ शकते."

"मग प्रतिज्ञापत्रावर हाताचीच सही घेतो ना," ती म्हणाली. मग हसू विझवून, "बारसागडे वकील सांगून राहिले, दालनात बसलेल्या एका माणसानं लिहून दिलं पाहिजे का हे कलम आहे. एकच माणूस. सही व्हायच्या आधी. तेवढ्यावर कोर्ट थांबवू शकते. सही झाली का मग तो दुसऱ्या देशांशी झालेला शब्द, कोर्ट हात लावत नाही."

"आणि त्या माणसाला सात वर्षे कैद."

"हो," ताई म्हणाली. "ते बी सांगितलं त्यांनी."

तिने पुढे काही मागितले नाही. पोळी माझ्या ताटात टाकली आणि गॅस बंद केला.

दर शुक्रवारी आमची स्मृतिचाचणी होई. ती डॉक्टर बेलसरे घेत. साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या, नेहमी कपाळावर चष्मा चढवलेल्या बाई. गुरुवारी दालनात आम्हाला वीस चित्रे दाखवली जात: बादली, घुबड, शिडी, असे काहीही. शुक्रवारी चित्रांच्या वीस जोड्या समोर येत. प्रत्येक जोडीत एक कालचे, एक नवे. कालचे कोणते ते बोटाने दाखवायचे. ज्याला अधिक बरोबर येत, त्याच्या गोळीची मात्रा वाढे. फारच बरोबर येत, त्याची नोकरी जाई.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी चाचणी संपल्यावर त्यांनी दार लावून घेतले.

"गजभिये, तुमचे गुण माहिती आहेत का?"

"नाही, मॅडम."

"शून्य. विसापैकी शून्य. गेल्या शुक्रवारी शून्य. त्याच्या आधीही शून्य. अकरा आठवडे मी बघतेय."

"म्हणजे गोळी चांगली लागू पडते," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "तुम्ही नाणेफेक केलीय ना कधी? ज्याला काहीच आठवत नाही, तो अंदाजानं बोट ठेवतो. विसातली दहाएक बरोबर येतात. कधी आठ, कधी बारा. तुमच्या बाजूला बसते ती लघुलेखिका, तिचे नऊ आले. चहावाल्या काकांचे अकरा. विसरलेला माणूस निम्मा बरोबर असतो, गजभिये. विसाच्या वीस चुका करायच्या तर प्रत्येक जोडीत बरोबर चित्र कुठलं हे आधी पक्कं माहिती असावं लागतं. मग त्याच्यावरचं बोट उचलून दुसऱ्यावर ठेवता येतं."

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"एकदा तसं होण्याची शक्यता दहा लाखांत एक. अकरा वेळा लागोपाठ झालं, तर तो आकडा लिहायला माझ्याकडे कागद नाही." त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे ऐकणे अवघड होते. "विसांतल्या एकाच्या यकृतात एक एन्झाइम जरा जास्त तरतरीत असतं. औषध मेंदूपर्यंत पोचायच्या आत त्याचा फडशा पाडतं. शासनाला मी हे दोन वर्षांपूर्वी लेखी कळवलंय. उत्तर आलं की सदर बाब गोपनीय असल्याने माझ्याही स्मरणात राहू नये."

"माझ्या बाबतीत तसे काही नाही, मॅडम."

"शाळेत पहिला नंबर असायचा का हो तुमचा?"

मी मान डोलावली.

"वाटलंच. विसरण्याच्या परीक्षेतसुद्धा पैकीच्या पैकी पाहिजेत. दुसरा कुणी लबाड असता, तर त्यानं नऊ-दहा बरोबर देऊन ठेवली असती." त्यांनी अर्ज पुढे ओढला. "इथं एकच चौकट आहे. 'कर्मचाऱ्यास आठवते: होय किंवा नाही.' गुण शून्य, म्हणून मी 'नाही' लिहिणार. वर कुणी विचारणार नाही. शून्य बघून त्यांना आनंद होतो." सही करून त्या म्हणाल्या, "का सांगितलं, तर तुमच्या आयुष्यात कुणी असेल ज्याला हे उपयोगी पडेल. तेवढंच."

मी आभार मानून बाहेर आलो. परतीच्या विनाचालक बसमध्ये मी स्वतःशी संभाव्यताशास्त्राची उजळणी करीत होतो. दहा लाखांत एक म्हणजे अशक्य नव्हे. कुणाच्या तरी वाट्याला तो एक येतोच. पुढच्या शुक्रवारी मी नऊ बरोबर दिली. ती आपोआप आली, अशी माझी समजूत मी करून घेतली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सहीचा दिवस ठरला. दुपारी चार वाजता सही; आणि कायद्यानुसार त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता जनसुनावणी. कायद्याचे नाव 'पारदर्शिता व गोपनीयता अधिनियम' होते. दोन्ही गोष्टींसाठी एकच कायदा केल्याने कागद वाचला होता. सुनावणी शहरातल्या एका सभागृहात होती; तिथे आम्हा कर्मचाऱ्यांना व्यासपीठाच्या बाजूला दोन रांगांत बसवले होते, लग्नात वरपक्ष बसवतात तसे. देवरुखकर मध्ये. सभागृह भरले होते.

पहिला एक संत्रा बागायतदार उठला, काटोलचा. "बाहेरून रस येणार आहे काय, त्यावर कर किती राहन?"

"हा प्रश्न मजकुराविषयी आहे," देवरुखकर स्मित करीत म्हणाले. "मजकूर गोपनीय असल्याने त्याविषयीची हरकत ग्राह्य धरता येत नाही."

"बरं. मग मजकुराबाहेरचं विचारतो."

"मजकुराबाहेरची हरकत अप्रस्तुत ठरते. नियम सात."

बागायतदाराने आजूबाजूला पाहिले. "मग साहेब, विचारायचं काय, जेवले का म्हणून?"

सभागृह हसले. देवरुखकरही हसले आणि म्हणाले, "आपल्या सहभागाची नोंद घेतली आहे." लेखनिकाने खरोखरच नोंद घेतली. अशा सत्तावीस नोंदी झाल्या. प्रत्येकाला तीन मिनिटे होती आणि ती काटेकोरपणे दिली जात होती. न्याय द्यायचा नसला की वेळ देण्यात हात सैल ठेवता येतो.

अठ्ठाविसावी ताई होती. ती पांढऱ्या साडीत आली होती. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"उत्पला गजभिये, सिकलसेल रुग्ण मंच. मी कलम विचारत नाही, मजकूर विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, का आमचं औषध बंद होणार असन तं आमच्याकडे तयारीले वेळ पाहिजे. इथल्या कोणाले माहीत आहे का?"

भरल्या सभेत ती शुद्ध बोलायचे ठरवून आली असावी. अर्ध्या वाक्यात तिची भाषा घरी परतली. मागे कुणीतरी कुजबुजले.

देवरुखकरांनी हात पसरले. "ताई, आपली भावना मी समजू शकतो. पण हेच तर या प्रक्रियेचं सौंदर्य आहे. इथे कुणालाच माहिती नाही. हे सगळे कर्मचारी अडीचशे दिवस आत बसले. यांच्या चाचण्यांचे अहवाल माझ्यासमोर आहेत. यांच्या मनाच्या पाट्या आपल्याइतक्याच कोऱ्या आहेत. हवं तर विचारा." त्यांनी कागद चाळला. आडनावाकडे त्यांचे लक्ष गेले नाही. खालच्या श्रेणीतली आडनावे ते वाचीत नसत. "हे घ्या, हे फ्रेंचचे दुभाषे. प्रत्येक शब्द यांच्या तोंडून गेलेला आहे. विचारा यांना."

ध्वनिक्षेपक माझ्याकडे आला. मी उभा राहिलो.

ताईने माझ्याकडे पाहिले. तिने भाऊ म्हणून हाक मारली नाही. ती मला मोकळे ठेवीत होती, हे मला कळले.

"साहेब," तिने विचारले, "त्या दालनात आमच्या औषधाचं काही बोलणं झालं का?"

मागच्या रांगेत वकील बारसागडे मांडीवर कागद घेऊन बसले होते. न्यायालय तिथून पायी बारा मिनिटांवर होते. दुसऱ्या रांगेच्या टोकाला डॉक्टर बेलसरे होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, छताकडे पाहत होत्या. मी सात वर्षांचा विचार केला. ताईच्या खाटेचा विचार केला. आणि मग, ज्या तत्परतेने मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये उच्चारली, त्याच तत्परतेने म्हणालो:

"मला आठवत नाही."

"पाहा," देवरुखकर म्हणाले.

ताईने मान झुकवली. "धन्यवाद, साहेब," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या तीन मिनिटांपैकी दीड मिनिट उरले होते. ते तिला हवे आहे का, असे विचारण्यात आले. तिने नको म्हटले.

चार वाजता सही झाली. काचा त्या दिवशी मुद्दाम स्वच्छ ठेवल्या होत्या, म्हणजे सही करणारे हात जनतेला दिसावेत. कागद दिसत नव्हता; तो हातांखाली होता. उद्योगांचे सल्लागार एकमेकांना पेढे भरवीत होते. शासनाचे निवेदन निघाले: चर्चा मोकळ्या वातावरणात झाली. देवरुखकरांनी माझी पाठ थोपटली आणि सकाळच्या संयमाबद्दल अभिनंदन केले. मला त्यांचा तिरस्कार वाटायला हवा होता. प्रयत्न करूनही त्या दिवशी तो त्यांच्यापर्यंत पोचेना. वाटेतच कुठेतरी वळून परत येत होता.

घरी आलो तेव्हा साडेसहा झाले होते. ताई फरशीवर बसली होती, समोर मंचाची वही आणि कॅप्सूलच्या पाकिटांचे ढीग. कारखान्याने उरलेला साठा मंचाकडे पाठवून दिला होता. उद्या सकाळपासून परवाना स्थगित होणार हे त्यांना सहीनंतर तासाभरात कळवण्यात आले होते. ती नावे पुन्हा लिहीत होती. लहान मुले आधी, मग बाळंत व्हायच्या बाया, मग ज्यांना मेंदूत गुठळी होऊन गेली आहे ते. स्वतःचे नाव तिने कुठे घातले आहे हे मी पाहिले नाही.

"चहा ठेवू?" मी विचारले.

"ठेव."

मी चहा ठेवला. तिने कप घेतला, एक घोट प्यायली.

"आल्लं कमी पडलं," ती म्हणाली. मग वहीवरून नजर न उचलता, अगदी सहज, घरातली एखादी गोष्ट बोलावी तसे म्हणाली, "एक सांगू का तुले? मी दोन महिने विचार करून राहिली होती. गोळीचं, कोठाराचं, ते सारं तू समजावलं, ते मले पटलं बी होतं. पण एक गोष्ट बसत नव्हती."

"काय?"

"मंचातले एकशे बेचाळीस लोक मले रोज विचारत होते, ताई काय असन वो त्याच्यात, बंद होईन का वो कॅप्सूल. शेजारच्या नीताबाई विचारत होत्या, त्यांच्या घरी कोणाले सिकलसेल नाही तरी. तुह्या बहिणीचं औषध होतं. तू एकदा बी विचारलं नाही. कारखान्यातून काही कळलं काय, वकील काय म्हणते, काही नाही." तिने पाकिटांचा एक ढीग सरळ केला. "ज्याले माहीत नसते ना बे, तो विचारते."

ती उत्तराची वाट पाहत नव्हती. तिने पुढचे नाव लिहिले, त्याच्यासमोर चार पाकिटे ठेवली आणि त्यांना रबरबँड लावला.

मी ओट्यापाशी उभा होतो. कलम चौदा, उपकलम तीन. ते प्रथम ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला मांडले गेले, आणि त्याचा पहिला मसुदा मीच मोठ्याने वाचून दाखवला होता. त्या गोळीचा माझ्यावर एकाही दिवशी परिणाम झाला नव्हता.